आकडा बदलायला दिलेली घुगरी

बोरी अरब,
९ नोव्हेंबर २०२५

मेहनाज,

तू बसमध्ये चढताना जे बोललीस, त्यानंतर मी कसम खाल्ली की तुला आपण होऊन फोन करायचा नाही. पत्र लिहायचं नाही अशी कसम खाल्लेली नाही, म्हणून हे स्पीड पोस्ट. तुझं पेज बघायचं नाही अशीही खाल्लेली नाही. ती खाल्ली असती तर बरं झालं असतं, कारण काल चहा पिता पिता मी ते उघडलं आणि चहा तसाच राहिला.

केळीच्या पानावर मांडलेली ती घुगरीची जोडी कुणाची आहे, तुला ठाऊक आहे? खाली काय लिहिलंयस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. "अँटिक फिनिश. वन ऑफ अ काइंड. थेट आमच्या घरच्या कारागिरांकडून." आणि वर लाल अक्षरांत "सोल्ड". अब्बांच्या मागे या दुकानात मी एकटी हातोडी घेऊन बसते. हे बाकीचे कारागीर कुठे बसतात ते मलाही कळव, म्हणजे त्यांच्यासाठी चहा टाकता येईल.

ती जोडी वरच्या तांड्यावरच्या जमनाबाईची आहे. ती विकायची नव्हती, दुरुस्तीला आली होती. खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगली होती, आणि खिडकीजवळच्या खिळ्यावर लोकांचं असतं, आपलं नसतं, हे तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून तुला माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आलीस, "आपा, थोडा माल नेते" म्हणालीस, मी ने म्हटलं. माल ने म्हटलं होतं, बाई. तांड्याची अमानत ने म्हटलं नव्हतं.

पुण्याला राहून विसरली असशील म्हणून सांगते. घुगरी म्हणजे तू लिहितेस ती "ट्रायबल हेअर ॲक्सेसरी" नव्हे. लग्न झालं की बंजारा बाईच्या केसांत ती दोन्ही कानशिलांवर गुंफतात आणि मग ती खालच्या घुंगरांसकट गालांवर लोंबत राहते, नवरा असेपर्यंत. त्याच्या हयातीत रिकाम्या कानशिलांनी वावरणं अपशकुनाचं. म्हणून अब्बांचा नियम होता की अशा बाईची घुगरी दुरुस्तीला घ्यायची तर आधी तिच्या केसांत दुकानची जोडी अडकवायची आणि मगच तिची काढायची. घडीभरसुद्धा मोकळं ठेवायचं नाही. ती दुकानची जोडी पत्र्यासारखी हलकी आहे, आजूबाजूच्या तांड्यांतल्या निम्म्या बायकांच्या केसांतून फिरून आलेली आहे, आणि सध्या जमनाबाईच्या गालांवर आहे.

तिनं फक्त केसांत अडकवायचा आकडा झिजला म्हणून दिली होती. मी आकडा तर बदललाच, पण खालची घुंगरं चेपलेली होती तीही उघडली, ठोकून गोल केली, आतले खडे बदलले आणि पुन्हा झाळून जोडली. तिनं न सांगता. हे काम पदरचं. सांधा असा बसलाय की बोट फिरवून सापडणार नाही. अब्बा असते तर पाठीवर थाप मिळाली असती. फक्त चिंचेच्या पाण्यात टाकून उजळली नाही, कारण जमनाबाईनं बजावलं होतं की तिच्या सासूच्या हातचं तेल त्या चांदीवर आहे, ते धुवायचं नाही.

तेव्हा ती जोडी कुठे आहे आणि परत कधी येते, एवढं कळव. झाळायचा गॅस संपलाय अशी थाप मी जमनाबाईला मारली आहे. तुझं नाव घेतलेलं नाही. माझी बहीण लोकांचे दागिने उचलून नेते हे बोरीभर सांगत फिरायला मला काही आनंद होत नाही.

तुझी आपा (सध्या तरी),
गौहर

ता. क. उर्दूत लिहिलं तर तू अर्धं वाचून ठेवून देशील. घरच्या बोलीत लिहायला घेतलं तर मला मध्येच हसू येतं आणि राग उतरतो. म्हणून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मराठी.


बोरी अरब,
१६ नोव्हेंबर २०२५

मेहनाज,

तुझा आवाजी मेसेज ऐकला. तू पाठवलास आणि मी ऐकला, यानं कसम मोडत नसावी. मौलवींना विचारायला गेले तर आधी कसमेचं कारण सांगावं लागेल, म्हणून विचारलं नाही.

म्हणजे तुला वाटलं, आपानं शेवटी माझं ऐकलं! कित्येक वर्षं तू माझ्या मागे लागली आहेस की "काळी कर आपा, पुण्यात काळीच चांदी चालते", आणि मी पांढरीच देते, कारण तांड्यावरच्या बाईला काळी घुगरी दिली तर ती माझ्याच तोंडावर फेकेल. आणि मग तुला खिळ्यावर जमनाबाईची न उजळलेली काळी जोडी दिसली आणि तू समजलीस की आपा सुधारली. "मला इतका आनंद झाला ना, की विचारायचंच राहिलं." या वाक्यावर कसं रागवायचं तेच मला कळेना. मग दिवसभर मी दुसऱ्याच गोष्टींवर रागावत राहिले, आणि फुंकणी आपटून वाकवून ठेवली.

तरी पुढचं तू बोलायला नको होतंस. "तिला तशीच एक नवीन करून दे ना, काळी पाहिजे तर काळी." तुला हे उंटावरून शेळ्या हाकणं बरं जमतं. चांदीची जोडी करायला किती दिवस जातात ते तुला माहीत आहे, आणि तेवढे दिवस आहेत की नाहीत ते कुणालाच माहीत नाही. का, ते आता सांगते.

परवा जमनाबाई आली. बाजाराचा दिवस नसताना, तांड्यावरून चालत. पायरीवर पाय ठेवला तशी दुकानची जोडी खळखळली.

"गौहर, हे तुही जोडी वाजते का खोकलते?"

"याडी, बस न. पानी देतो." तांड्यावरच्या बायकांना याडी, म्हणजे आई, म्हणायची सवय आपल्याला अब्बांनीच लावली. माझी अजून आहे.

"पानी नको. माही घुगरी दे."

मी पुन्हा गॅसचं रडगाणं लावलं. तिनं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"गॅस नाई तं नाई. तशीच दे. आकडा नसन तं धाग्यानं बांधतो मी. तिकडं म्हातारा जेवून नाई राह्यला."

म्हातारा म्हणजे हरिसिंग, तिचा नवरा. शुगरनं त्याचे डोळे मागेच नेले होते, आता किडनीही गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलाय. डॉक्टरांनी सांगितलं, घरीच ठेवा, जे मागेल ते खाऊ घाला. पण जन्मभर तो जमनाबाईच्या हातचं खात आला, आणि आता तिच्या हातचं घेत नाही.

"मी ताट घेऊन गेली का पुसते, कुण छ?" ती सांगत होती. कोण आहे, असं. "मी म्हनतो, मी हाव, जमनी. तं म्हनते, आवाज जमनीसारखा हाय, पन तू जमनी नाई. जमनीनं आंगनात पाय ठेवला का घुगरीवरून मले समजते. तू कोन्या घरची बाई हायेस माय, जाय आपल्या घरी. आमची आली तं तुह्या झिंज्या धरन."

सांगता सांगता ती हसली. मलाही हसू आलं. मग तिनं पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, "सुनेच्या हातचं खाते का?"

"दोन घास घेतले अन् थुकले. म्हने, जमनी कुठं गेली ते सांगा अगोदर. ताक पाजतो आम्ही चमच्यानं, ते बी तोंड दाबून."

"मंग घडीभर हे जोडी काढूनच जाय न त्याच्यापुढं, याडी."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. "तो खाटेवर पडला हाय, अन् मी रिकाम्या केसानं त्याच्यापुढं जाऊ? तुह्या बापानं हेच शिकवलं का तुले?" उठताना माझा हात धरून म्हणाली, "माही घुगरी दे बाप्पा. तो जाईन तवा जाईन. पन उपाशी नाई जाऊ देत मी त्याले."

आता कळलं? तुझी ती "वन ऑफ अ काइंड" जोडी पुण्यात कुणाच्या तरी कपाटात आहे आणि इथे एक आंधळा माणूस स्वतःच्या बायकोला परकी बाई समजून घरातून हाकलतोय. परत आण. कशी आणायची ते तू बघ.

गौहर


बोरी अरब,
२३ नोव्हेंबर २०२५

मेहनाज,

कानात?

मी मेसेज थांबवून परत ऐकला, मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालंय. जोडी विकत घेणाऱ्या त्या रूपाली मॅडमनी घुगरी सोनाराकडे नेऊन तिला हूक लावून घेतले आणि आता ती कानात घालणार? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे कानापेक्षा घुगरी जड आहे. केसांच्या गुंफणीनं पेलायची वस्तू आहे ती, पूर्ण चांदीची. कानाच्या पाळीला टांगली तर पाळी खांद्यावर येईल. आणि मावसबहिणीच्या संगीतात तिला ती हवीच आहे म्हणून ती परत करणार नाही, मी विकत घेतली आहे म्हणते. तिचं तरी काय चुकलं म्हणा. तिला काय माहीत तिनं कुणाच्या गालावरचं घेतलंय. तू लिहिलं होतंस ना, थेट आमच्या घरच्या कारागिरांकडून.

तिला सगळं सांगितलंस का, हे मी तुला विचारते आहे. "आपा, मी समजावलं तिला" असं तू म्हणतेस, पण तू समजावतेस म्हणजे काय ते मला माहीत आहे. तू गोड बोलतेस, हसतेस, आणि मग "बघू या" म्हणतेस. मेसेजवर नको, उठून तिच्या घरी जा. पत्ता तुझ्याकडे आहे, पार्सल तूच पाठवलंस. दारात बस. सांग की तिकडे एक म्हातारा जेवत नाही. आणि सांगताना हसू नकोस.

मी रोज तांड्यावर निरोप पाठवते की अजून गॅस आला नाही. अख्ख्या दारव्हा तालुक्यात माझ्याच दुकानाला गॅस मिळत नाही असं आता लोक म्हणायला लागलेत. काल जमनाबाईच्या नातवाबरोबर मी डब्यात शिरा पाठवला, हरिसिंगला गोड आवडतं म्हणून. डबा तसाच परत आला.

तुझं बसमधलं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, तेही आज लिहूनच टाकते. "आपा, तांड्यावर आता घुगरी घालतं कोण? चार म्हाताऱ्या. त्या गेल्या की कुणासाठी बसणार आहेस दुकानात?" आणि बस निघाली. मुलं खिडकीतून हात हलवत होती म्हणून मलाही हलवावा लागला.

तू खोटं बोलली नाहीस, त्याचाच तर मला जास्त राग आला. जमनाबाईच्या दोन्ही सुना मंगळसूत्र घालतात आणि घुगरीचं नाव काढलं की डोकं दुखतं म्हणतात. माझ्याकडे या वर्षात नव्या जोडीसाठी तांड्यावरून कुणीही आलेलं नाही. जी काही नवी कामं झाली ती तुझ्या पेजनं आणली. मला हे माहीत आहे, मेहनाज. दुकानात मी बसते, तेव्हा तुझ्या आधी मला माहीत आहे. पण कानामागून आली आणि तिखट झाली अशी धाकटी बहीण ते बसच्या पायरीवरून ओरडून सांगते तेव्हा फार लागतं. त्या चार म्हाताऱ्यांपैकी एक सध्या माझ्या दारात येऊन आपली जोडी मागते आहे, आणि मी तिला गॅस संपला म्हणून सांगते आहे. एवढं तरी ध्यानात घे आणि उद्याच्या उद्या जा.

गौहर


बोरी अरब,
१ डिसेंबर २०२५

मेहनाज,

पोचली. पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं मला यवतमाळच्या स्टँडबाहेर थंडीत ताटकळत ठेवलं, पण डबा नीट दिला. तू कापसात गुंडाळून पाठवलीस ते बरं केलंस. चिठ्ठी नाही पाठवलीस, तेही तुझ्या स्वभावाला धरून झालं.

तर रूपाली मॅडमच्या कानाची पाळी संगीताच्या कार्यक्रमातच सुजली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तुला फोन केला. तू त्यांच्या दारात दोनदा जाऊन बसलीस, दुसऱ्यांदा रडलीस, हे तू मेसेजमध्ये अगदी घाईघाईनं सांगितलंस, म्हणजे खरं असावं. खोटं तू सावकाश सांगतेस. तरी काम झालं ते कानामुळे झालं असं मी धरून चालते. तुला शाबासकी द्यायची माझी अजून तयारी नाही.

त्या सोनाराचे हूक काढून टाकले, माझे आकडे परत लावले. सुदैवानं त्यानं घुंगरांना हात लावलेला नाही. आत्ता कानाशी धरून हलवली. काय गोड वाजते म्हणून सांगू! एकूण एक घुंगरू एका सुरात. पूर्वी हीच जोडी नुसती खरखर करायची. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, उद्या जमनाबाई स्वतःच ऐकेल.

उद्या सकाळी तांड्यावर जाते. म्हातारा जेवला की मग तुझं काय करायचं ते बघू.

गौहर


बोरी अरब,
७ डिसेंबर २०२५

मेहनाज,

"पोचली ना जोडी, झालं ना आता समाधान?" असं तू विचारलंस. नाही झालं. हरिसिंग आहे, ते आधीच सांगते, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेशील. नीट पहिल्यापासून वाच. यात तुझ्या फायद्याचंही आहे, आणि ते लिहायला मला किती जड जातंय ते मलाच ठाऊक.

मंगळवारी सकाळी गेले. सुना कापूस वेचायला गेल्या होत्या. जमनाबाई अंगणात चुलीपुढे होती. माझ्या हातातला डबा बघून तिनं हात धुतले, पदरानं पुसले आणि माझ्यापुढे येऊन बसली. मी आधी तिची जोडी केसांत गुंफली आणि मग दुकानची काढली. घडीभर तिच्या गालांवर दोन्ही जोड्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. मी म्हटलं, "हलव न मान, याडी, पाहाय कशी वाजते." तिनं हलवली. अब्बांची शपथ, इतकं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ती खूश होईल म्हणून. ती आतल्या खाटेकडे बघत होती.

तिनं ताकात भाकरी कुस्करली, ताट उचललं आणि आत गेली. घुंगरं वाजली.

"कुण छ?" आतून आवाज आला.

"मी हाव. जमनी. घुगरी आली पाहाय माही."

"जाय माय," तो म्हणाला, "कायले तरास देतं आंधळ्याले. रोज नवी नवी बाई येऊन राह्यली घरात."

मेहनाज, मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या हातातली दुकानची जोडी खाली पडली.

जमनाबाई ताट तसंच घेऊन बाहेर आली. ते तिनं चुलीजवळ ठेवलं आणि गालावरची घुंगरं एक एक करून बोटांनी चाचपली.

"तू घुंगराले हात लावला?"

"हो, याडी. चेपले होते न ते. मी गोल करून…"

"म्या आकड्याचं सांगतलं होतं."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. नंतर तिनं जे सांगितलं ते एवढंच. लग्नाला दोन-चार वर्षं झाली असतील तेव्हा ती घुगरी धुवायला काढून दगडावर ठेवली आणि तिच्यावर बैलाचा पाय पडला. सासूनं शिव्या घातल्या. हरिसिंग म्हणाला, बाजारात नेऊन करून आणतो. "करून आनू, करून आनू करत सारा जलम गेला, केली नाई," ती म्हणाली. मग डोळे गेले, आणि त्या चेपक्या घुंगरांची खरखर ऐकून ती कुठे आहे ते त्याला कळायला लागलं. अंगणात आहे, चुलीशी आहे, रागावली आहे. मी ती खरखर काढून टाकली होती.

आता तुझ्या फायद्याचं ऐक. तू ती जोडी नेली नसतीस, तर त्याच आठवड्यात मी ती तिच्या केसांत अडकवली असती आणि त्यानं त्याच दिवशी विचारलं असतं, कोण आहे. तुला लिहिलेली ती सगळी पत्रं मी मागे घेत नाही, कारण लोकांच्या खिळ्यावरचं नेलंस ते नेलंसच. पण म्हातारा उपाशी राहिला तो तुझ्यामुळे नाही. ज्या कामाची मी तुझ्यापुढे एवढी शेखी मिरवली, त्या कामामुळे राहिला. हे मी तुला कळवलं नसतं तर तुला कधी समजलंही नसतं. दोन दिवस मी कळवायचंच नाही असा विचार केला.

मी पिशवीतून चिमटा काढला. म्हटलं, याडी, इथंच बस, जोडी काढू नको. तिच्या गालाशीच एक एक घुंगरू धरून दाबायला लागले. पहिलं दाबलं तर आतला खडा अडकला आणि ते मुकंच झालं. उघडायला गेले तर सांधा सापडेना. मीच बसवलेला तो सांधा, त्याला मी काय काय नावं ठेवली ते इथे लिहीत नाही. शेवटी कानशीनं घासून फोडला. दागिना बिघडवायचं कुणी शिकवत नाही, मेहनाज. अब्बांनी सगळं शिकवलं, पण हे नाही शिकवलं. माझा हात आपोआप गोलाई धरायचा, चिमटा सरळच बसायचा, आणि जमनाबाई मान हलवून म्हणायची, "अजून चांगलीच वाजते."

तिनं मान हलवली की आतून आवाज यायचा, "कुण छ?"

"थोडी भसाडी कर," ती म्हणायची. "हे डावीकडची आनखी दाब. उजवीकडची एक फुटकीच होती, आठवते का तुले?"

मला आठवत होतं. दुरुस्त करताना प्रत्येक घुंगरू मी हातात फिरवून पाहिलं होतं, कुठे चेप होता, कुठे चीर होती, सगळं बोटांना आठवत होतं. एकेक करून मी ते सगळे दोष परत आणले. बैलाच्या पायाचं काम मी त्या अंगणात बसून केलं. हाताला घाम सुटला, चिमटा घसरला आणि तिच्या गालाला ओरखडा आला, तरी ती हलली नाही.

"आता हलव," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. खर्रर्र झालं, एकदम बेसूर, गंजलेल्या कडीसारखं.

आतून काही आलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं म्हाताऱ्याला झोप लागली, किंवा दुसरंच काहीतरी झालं. तिनं पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात.

"जमनी!" हरिसिंग ओरडला. "कुठं उंडारत होती इतले दिस? घरात कोनी पुसनारं नाई मले. भूक लागली ना!"

"आली, आली," जमनाबाई म्हणाली. "मेलं बोंबलते कसं, सारा तांडा गोळा करन." ताट उचलून ती आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, तिला माझं भानच नव्हतं. आत दोघांचं भांडण सुरू झालं. ताकात मीठ नाही म्हणून तो ओरडत होता, ती म्हणत होती की खा मुकाट्यानं, इतके दिवस कुठं गेलती ही अक्कल. आणि तो खात होता, मला बाहेर ऐकू येत होतं.

मी अंगणात चिमटा हातात घेऊन बसले आणि रडले. शेजारची बाई विचारायला आली, काय झालं, तर मला सांगता येईना. सांगायचं तरी काय, की चांगलं केलेलं काम मोडलं आणि जमलं. हे कळणारं माणूस आता एकच उरलंय, आणि ते पुण्याला बसलंय. मेहनाज, मला तिथे तू शेजारी हवी होतीस.

आपा